पहाऱ्याचं बटण

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन होतं, आणि त्या मशीनवर बसणाऱ्या मुलीला सगळे पिंगळी म्हणत. नाव तिच्या मावशीने ठेवलेलं. पिंगळा म्हणजे घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी, मोठाले डोळे करून बघत बसणारा. लहानपणी मावशीकडे राहायला आली तेव्हा ही पोर तशीच कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघायची, म्हणून पिंगळी. आता तिशी अजून लांब असलेली, हाताला नेटकी अशी ही तरुण मुलगी दुकानात कुणालाही खऱ्या नावाने ठाऊक नव्हती. तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

अडत होतं ते झोपेवाचून. एक आठवडा ती टवटवीत असायची, घासलेली काच बोटावर धरून उजेडात अशी फिरवायची की बघत राहावं. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी डोळ्यांखाली काळं घेऊन यायची, चहात बिस्किट बुडवायची आणि ते विरघळून तळाला जाईपर्यंत तशीच बसायची. मग परत टवटवीत. काउंटरवर फ्रेमा विकणारी ताई म्हणायची, "तुझं काय ते एकदा ठरव बाई. एक आठवडा ताजी भाजी, एक आठवडा उरलेली."

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पण मग एका बस चालवणाऱ्या गृहस्थांचा चष्मा परत आला.

या धंद्यात काचा घासणं हे ऐकायला सोपं आहे. नंबराची गोल काच येते, ती फ्रेमच्या आकारात घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायची. पण ज्यांचा नंबर तिरका असतो त्यांची काच जराशी जरी फिरली तरी माणसाला सपाट जमीन उताराची दिसते. पिंगळीने काच फिरवली नव्हती. तिने उजव्या डोळ्याची डावीकडे आणि डाव्याची उजवीकडे बसवली होती. अशी चूक शिकाऊ पोरगाही करत नाही.

"घराच्या पायऱ्या उतरत होतो," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आणि शेवटची पायरी माझ्याकडे चालून आली. म्हटलं, बरं झालं बसमध्ये नव्हतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पिंगळीला त्या 'बरं झालं'चीच जास्त लाज वाटली. तिने तिथल्या तिथे काचा बदलून दिल्या, आणि ते गेल्यावर मालक मागच्या खोलीत आले. मालक म्हणजे वयस्कर माणूस. आवाज चढवायचा नाही, पण शब्द फिरवायचाही नाही.

"यावर्षी हे पहिल्यांदाच नाही झालं."

"हो काका."

"तुझ्यासारखा हात मी या मशीनवर आधी बसणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचाही पाहिला नाही. पण आपण डोळे विकतो. पुन्हा असं झालं तर मशीन सोडायचं आणि पुढे ताईबरोबर काउंटरवर बसायचं."

काउंटर काही तुरुंग नव्हता. पण पिंगळीला मशीन म्हणजे जीव की प्राण होतं. पाण्याची धार, चाकाचा आवाज, आणि धुरकट कडेतून हळूहळू निघणारा स्वच्छ आकार. हे एवढं एक तिला आयुष्यात मनासारखं जमलेलं होतं, आणि झोप ते तिच्याकडून काढून घ्यायला निघाली होती. त्या दिवशी तिने ठरवलं की आता रडगाणं नको, शोध लावायचा. झोप जर एक आठवडा येते आणि एक आठवडा येत नाही, तर ती कशाला तरी धरून येते. काहीतरी बदलत असणार.

ताई लगेच तयार झाली. दुसऱ्याच्या आजाराचं निदान करायला मिळालं की ताईला सणासारखं वाटे. तिने एकामागून एक संशयित उभे केले. आधी चहा बंद झाला. मग पिंगळीच्या भाड्याच्या खोलीत पलंगाची दिशा बदलली. मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर संशय गेला, पण तो बिचारा रोज सारखेच पाय आपटत होता, आठवड्याआड नव्हे. शेवटी ताईने आपल्या घरची एक उशी आणून दिली. "माझ्या सासूबाई हिच्यावर पडल्या की ढाराढूर. हाक मारली तरी उठत नाहीत."

उशी घरी नेली आणि चमत्कार झाला. जो आठवडा वाईट जायचा ठरलेला होता तो चांगला गेला. म्हणजे सलग दोन आठवडे पिंगळी पडल्या पडल्या झोपली. ताई दुकानभर मिरवली. मालकांनाही उशी घ्या म्हणून मागे लागली. पुढच्या आठवड्यात उशी तीच, पलंग तोच, आणि पिंगळी छताकडे बघत टक्क जागी. झोपेचं पार खोबरं झालं.

"उशीला काय झालं?" ताई अगदी दुखावली.

मधल्या काळात पिंगळी डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वयाने तिच्याहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "लहानपण कसं गेलं?"

"चांगलं गेलं की."

"घरात भीती वाटावी असं काही? असं बऱ्याचदा दिसतं, म्हणून विचारते. लहानपणी ज्यांना घरात निर्धास्त राहता आलं नाही, त्यांची झोप पुढे मोठेपणीही कच्ची राहू शकते. आपण विसरलो तरी शरीर विसरत नाही."

"नाही, आमचं तसं काही नव्हतं," पिंगळी म्हणाली. आणि गंमत अशी की ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

शोध लागला तो दुपारी, डबा खाताना. ताई उशीच्या अपमानातून अजून सावरली नव्हती, पण चिकाटी सोडली नव्हती. ती म्हणाली, "बरं, झोपायच्या आधी तू काय काय करतेस ते सांग. अगदी शेवटचं काय ते."

"काय करणार? दात घासते. गॅस बंद आहे का बघते. परत एकदा बघते. दिवा मालवते. दादाचा 'बसलो' वाचते आणि झोपते."

"दादाचा काय वाचते?"

"'बसलो.' म्हणजे तो कामावर बसला की मला फोनवर तेवढं एक पाठवतो." पिंगळीचा थोरला भाऊ एका कंपनीत होता. लिफ्टमध्ये अडकलेले लोक आतलं बटण दाबून ज्या माणसाशी बोलतात, तो माणूस म्हणजे दादा. घाबरलेल्यांना धीर देत राहायचं आणि माणसं पाठवायची, हे त्याचं काम. "रात्रपाळी असली की पाठवतो."

"आणि दिवसपाळी असली की?"

"तेव्हा कशाला पाठवेल? तेव्हा मी पण कामावर असते."

"पाळी बदलते कशी त्याची?"

"एक आठवडा रात्र, एक आठवडा..." पिंगळीचा हात डब्यातच थांबला.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "आणि उशीच्या वेळी? सलग दोन आठवडे?"

"त्याच्या कामावरच्या जोडीदाराला मूल झालं होतं. त्याची रात्रपाळी पण दादानेच केली, आणि पुढच्या आठवड्यात त्याने दादाची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण पिंगळी काचा घासणारी मुलगी होती, एकदा घासून तिचं समाधान होत नसे. तिने पडताळा घ्यायचं ठरवलं. दादाच्या रात्रपाळीच्या आठवड्यात, म्हणजे हमखास झोपेच्या आठवड्यात, ती एक दिवस घरी जाताना फोन मुद्दाम दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेली. दादा कामावर आहे हे तिला माहीत होतं. त्याची पाळी तिला तोंडपाठ होती. तरी डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मशीनला हात लावायची तिची हिंमत झाली नाही, नुसत्या फ्रेमा पुसत बसली. दुपारच्या सुट्टीत ड्रॉवर उघडला, कालचं शिळं 'बसलो' वाचलं, आणि तिथेच बाकावर डोकं टेकून झोपली. ताईने गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

आता मात्र पिंगळीला आठवावं लागलं. विसरलेली नव्हती ती. फक्त त्या गोष्टीला ती इतके दिवस खेळ समजत होती.

आई तिच्या आठवणीच्या आधीच गेली होती. घरात बाप आणि दोन मुलं. बाप वाईट नव्हता, असं पिंगळी आजही सांगते. त्याने कधी हात उगारला नाही. गाणी म्हणायचा, शाळेत न्यायचा, बुटांच्या नाड्या बांधून द्यायचा. पण पिऊन आला की त्याला भूक लागे. शेगडीवर पातेलं ठेवायचा, सिगारेट पेटवायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपून जायचा. एकदा पातेलं कोळसा होईपर्यंत जळालं. एकदा पडद्याने पेट घेतला आणि दादाने बादलीभर पाणी ओतून तो विझवला. दादा तेव्हा कितीसा असेल, बादली उचलताना वाकडा व्हायचा.

त्यानंतर दादाने पहारा सुरू केला. नियम सगळे त्याचेच. बापाच्या जुन्या ओव्हरकोटाचं एक मोठं तपकिरी बटण तुटून पडलं होतं, ते ज्याच्या मुठीत त्याने जागायचं आणि जळका वास येतोय का बघायचं. डोळे मिटायला लागले की दुसऱ्याला उठवून बटण त्याच्या हातात द्यायचं. घेणाऱ्याने म्हणायचं, "बसलो." पिंगळी म्हणायची, "बसले." ते शब्द ऐकल्याशिवाय देणाऱ्याने झोपायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की बटण ज्याच्याकडे नाही त्याने अजिबात काळजी करायची नाही. त्याने फक्त झोपायचं. त्या नियमावर पिंगळी मजेत झोपायची. दुसरीतली पोर ती, तिला काय कळणार की घरोघरी मुलं असा पहारा देत नाहीत.

एके रात्री खुर्चीनेच पेट घेतला. बटण दादाच्या हातात होतं. त्याने बहिणीला ओढत बाहेर काढलं, शेजाऱ्यांना उठवलं, बाप वाचला. बापाचे हात तेवढे भाजले. पुढे बाप सुधारला, दारू सुटली, आता दुसऱ्या गावी असतो, अधूनमधून फोन करतो. पण मुलं त्याच सकाळी मावशीकडे आली ती तिथलीच झाली.

रविवारी दुपारी दोघं भावंडं नेहमी मावशीकडे जेवायला जमत. मावशी शिवणकाम करायची. कपडे लहान-मोठे करून द्यायचे, चेन बदलायची, अस्तर लावायचं. तिच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी मशीन, मधे कापडं बेतायचं लांब टेबल आणि दुसऱ्या भिंतीला ऐसपैस जुना सोफा. जेवणं झाली की मावशी मशीनवर बसे आणि ही दोघं सोफ्यावर. त्या रविवारी पिंगळी आपला शोध सांगायला इतकी उतावीळ होती की तिला घास गिळवत नव्हता. पण दादाच आधी बोलला.

"पुढच्या महिन्यापासून मला कायमची दिवसपाळी. सगळ्यांवर देखरेख करायची. बढती आहे म्हणे."

"चला, माणसांत आलास," मशीनवरून मावशी म्हणाली. "घुबडासारखा जागत होतास नुसता. एक ही पिंगळी आणि एक तू."

दादा हसला, पण त्याचा चेहरा बढती मिळालेल्या माणसाचा नव्हता. म्हणजे आता 'बसलो' बंद, पिंगळीने मनात म्हटलं. बढती दादाची, पण दुकानातलं मशीन जाणार होतं तिचं. आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, की भावाचं भलं होतंय आणि आपण हिशेब कसला करतोय.

तिने आवाज खाली आणून त्याला सगळं सांगितलं. चष्मा, उशी, 'बसलो', ड्रॉवर. तिला वाटलं होतं तो हसेल. तो ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "मग मी ही बढती नको म्हणून सांगतो."

"वेडा आहेस का? मी तुला हे त्यासाठी सांगितलं का?"

"तुझ्यासाठी नाही गं. मलाही ती नकोच आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात मी झोपतो असं तुला वाटतं का?" तो सोफ्याच्या कडेचा दोरा ओढत होता. "नाही झोपत. अंथरुणावर बसून राहतो. रात्रपाळीत निदान जागण्याचा पगार मिळतो. दिवसा मग झोप लागते, उजेड असला, रस्त्यावर माणसं असली की. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं."

"पण का बसून राहतोस? आता कोण..."

दादाने खिशात हात घातला आणि मूठ उघडली. तळहातावर तपकिरी बटण होतं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. इतक्या की पिंगळीसारख्या कसबी हातालाही तशा करता आल्या नसत्या.

"शेवटची पाळी माझी होती," तो म्हणाला. "त्या रात्री. मी ते कुणाला दिलंच नाही. मला कुणी सोडवलंच नाही ना."

पिंगळीला एकदम रडू आलं. इतकी वर्षं ती नियमाप्रमाणे झोपत होती, आणि हा नियमाप्रमाणे जागत होता. तिने हात पुढे केला. "दे. माझी पाळी. किती वर्षांची थकलीय."

दादाने मूठ मिटली. "म्हणजे तू जागणार. आणि काचा उलट्या बसवणार."

"आणि तू नाही दिलंस तर तू जागणार."

"मग तेच बरं."

दोघं तशीच बसली, त्याची मूठ मिटलेली, तिचा हात पसरलेला. यातून वाट नव्हती. दोघंच होती आणि बटण एकच होतं, एकाला झोप हवी तर दुसऱ्याने जागायला हवं. लहानपणीही हिशेब हाच होता. फक्त तेव्हा तो इतका वाईट आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मशीनचा आवाज कधीच बंद झाला होता. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मावशी समोर उभी होती, गळ्यात टेप, कामाच्या ॲप्रनला सुया टोचलेल्या.

"हे ते बटण," ती दादाला म्हणाली. "तू आलास तेव्हा तुझ्या मुठीत होतं. मी म्हटलं, आण, शर्टाला लावून देते, तर तू असा किंचाळलास की परत नाव काढलं नाही मी. मला वाटलं तुझ्या आईच्या कपड्याचं असेल. म्हटलं, राहू दे पोराजवळ."

"आईचं नाही, बाबांच्या कोटाचं," पिंगळी म्हणाली. आणि मग तिनेच मावशीला पहारा सांगितला, नियमांसकट. सांगून झाल्यावर मावशी टेबलाच्या कडेला टेकली.

"म्हणजे माझ्या घरात, मी उशापायथ्याशी असताना, तू जागत होतास?"

"तुला कसं सांगणार? नियम आमच्या दोघांचा होता."

"नियम कुणी केला?"

"मी."

"किती अक्कल होती तुला तेव्हा? तिसरा माणूस धरायचा राहिलाच की त्यात." मावशीचा आवाज चिडका होता, पण डोळे भरले होते, आणि ते लपवायची तिने तसदी घेतली नाही. "त्या सकाळी मी तुम्हाला न्यायला दारात आले तेव्हाच हे माझ्या हातात द्यायचं होतं. मी त्यासाठीच आले होते रे. आण इकडे."

"अगं, पण मावशी, तू..."

"या वयात मला तशीही झोप येत नाही. उगाच आढ्याकडे बघत पडते. निदान काहीतरी काम होईल. आण म्हणते ना."

दादाने पिंगळीकडे पाहिलं. पिंगळीने मान हलवली. त्याने मूठ उघडली, तरी बटण पटकन सुटेना, घामाने तळहाताला चिकटलं होतं. मावशीने ते दोन बोटांनी उचललं आणि कसलेल्या नजरेने उलटंपालटं करून बघितलं.

"काय म्हणायचं असतं?"

"बसले," पिंगळी म्हणाली.

"हात्तिच्या, एवढंच?" मावशी मशीनच्या स्टुलावर जाऊन टेकली आणि पाठ ताठ करून म्हणाली, "बसले. आता झोपा दोघं."

भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं. हे असं लागू पडतं का, याची पिंगळीला मनापासून उत्सुकता होती. शब्द तेच, पण माणूस वेगळा. शब्दाने काम होत होतं की दादाने, हा खरा प्रश्न होता. तिने ठरवलं, आपण डोळे मिटून पडायचं, पण झोपायचं नाही. आधी दादाला झोप लागते का ते बघायचं, मग आपल्याला लागते का ते. नीट निरीक्षण करायचं आणि उद्या ताईला सांगायचं. तिने सोफ्याच्या या टोकाला डोकं टेकलं. त्या टोकाला दादाने पाय वर घेतले. मशीन पुन्हा सुरू झालं.

निरीक्षण तिथेच संपलं.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं आणि टेबलावरचा दिवा लागला होता. दादा तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याला घोरता येतं हे पिंगळीला आजवर माहीत नव्हतं. मावशी मशीनवरच होती. कुणाच्या तरी पॅन्टची शिलाई उसवत होती, आणि तिच्या ॲप्रनवर, छातीशी, जिथे बटणाची काहीएक गरज नव्हती तिथे, ते तपकिरी बटण शिवलेलं होतं.

"मावशी," पिंगळी हळूच म्हणाली, "ते परत द्यावं लागतं. पाळी संपली की."

मावशीने मान वर केली नाही. "दुहेरी दोऱ्याने शिवलंय," ती म्हणाली. "आता निघत नाही. झोप अजून थोडी."